चढ की कडा?

प्रिय आप्पा,

तुमच्या भाडेकरणीचा नमस्कार.

काल आई मला घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे गेल्या. नीट वाचलंत ना? मी त्यांना नाही, त्या मला घेऊन गेल्या. वर्षभर माझ्याशी एक सरळ वाक्य न बोललेल्या आमच्या सासूबाई काल सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, आवर. त्या डाक्टरला इचारायचंय मला." हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? संतोषला सांगितलं, तर "बरं झालं" म्हणाला आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेला. तुमचाच मुलगा तो! शब्द खर्च झाले तर पोत्यातलं भात कमी होईल अशी भीती वाटते त्याला.

म्हणून आज हापिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून लिहायला बसले आहे. खिडकीतून समोरचा नवा टॉवर दिसतोय. त्याच्यावरच्या क्रेनला तुम्ही बगळा म्हणायचात. मी घरी आले की पहिला प्रश्न, "काय गं, बगळ्यानं आज किती मासे खाल्ले?" हिंजवडीतल्या त्या बगळ्यांनी आता अख्खी शिवारं गिळली, आप्पा. तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

आठवतं, मी नांदेडहून आले तेव्हा? नवी नोकरी, एक बॅग, आणि घोटावड्यात तुमची मागची खोली. तुम्ही पहिल्याच दिवशी दिवा लागतो का बघायला आलात आणि विचारलंत, "जेवलीस का पोरी?" घरमालक असं विचारतो हे मला माहीत नव्हतं. पुढे संतोषचं आणि माझं जमलं, तर गावभर सांगत सुटलात, "भाडं चुकवायला माझी सून झाली बघा ही!" आई तेव्हाही रुसल्या होत्या. लांबची मुलगी, नोकरीवाली, भाकरी गोल येत नाही. पण तुमच्या हसण्यापुढे त्यांचा रुसवा टिकला नाही. तुमचं हसणं गेलं, आणि त्यांचा रुसवा मात्र राहिला.

तुम्ही पहिल्यांदा पडलात ते पिरंगुटच्या बाजारात, वांग्याच्या ढिगावर. शुद्धीवर आल्यावर आधी वांगेवाल्याची माफी मागितलीत! डॉक्टरांनी सांगितलं, कधीतरी हलका झटका येऊन गेलाय, हृदयावर त्याचा वण राहिलाय. त्या वणापासून ठोके एकदम सैराट सुटतात, आणि मग हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. म्हणून छातीत डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, ती डबी बसवली. अर्ध्या झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी. ठोके सैराट झाले की आतूनच विजेचा धक्का द्यायचा आणि त्यांना ताळ्यावर आणायचं, एवढं तिचं काम. तुम्ही तिचं नाव ठेवलंत राखणदार. "चोर आला की दांडकं घालतोय," असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सदऱ्याचं बटण काढून दाखवायचात.

आणि आईंनी त्याच दिवशी ढोल माळ्यावर टाकला. "ह्यापुढं न्हाई," एवढंच म्हणाल्या. तुमच्या आजोबांच्या वेळचा ढोल, जत्रेच्या खेळात पहिल्या रांगेत तुम्ही उभे राहायचात. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, ऐकलंत. कसलं काय!

डबी बसवल्यानंतरच्या पहिल्या जत्रेचं आठवलं की मला अजून हसू येतं. पालखी निघेपर्यंत तुमचा कडक उपवास. आणि उपवासाला गोळी कशी घ्यायची? ठोके आवरून धरणारी ती गोळी तुम्ही उंबऱ्यावर ठेवलीत, देवाला नमस्कार केलात आणि आई नैवेद्यात गुंतलेल्या बघून दुसऱ्या कुणाचा तरी ढोल गळ्यात अडकवलात. मी लांबून बघत होते. खरं सांगू? मला तुम्हाला अडवावंसं वाटलंच नाही. इतके देखणे दिसत होतात.

ठेका चढत गेला. गुलाल उडाला. आणि तुम्ही एकदम ताठ झालात, खांद्यातून असे उसळलात की टिपरू हातातून उडालं. तोंडातून कसलासा आवाज निघाला. आणि गावानं काय समजावं? "आलं! आप्पाच्या अंगात आलं! नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!" देव आलाय म्हटल्यावर वाजवणारे थांबतात होय? त्यांनी ठेका दुप्पट केला. कुणी भंडारा टाकला, कुणी पायावर लोटांगण घातलं. एका म्हातारीनं तर विचारून घेतलं, "देवा, माझ्या नातवाचं औंदा जमंल का?" तुम्ही "थांबवा, थांबवा" म्हणत होतात, पण त्या गजरात कोण ऐकणार? आणि ठोके खाली यायला तयार नाहीत म्हणून राखणदारानं पुन्हा दांडकं घातलं. पुन्हा चांगभलं!

मी घुसले रिंगणात. पहिल्या ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू हिसकावलं. बाई ढोलाला शिवली म्हणून केवढा गलका झाला! त्या गलक्यानंच ढोल थांबले, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणालात, "राखणदार घरच्यालाच चावला गं."

पण खरा घोळ तर दवाखान्यात झाला. डॉक्टरांनी छातीवर, डबीतली नोंद वाचणारी गोल चकती ठेवली, पडद्यावर रेघा आल्या, पट्टी छापून बाहेर आली. त्यांनी ती बघितली आणि विचारलं, "त्या वेळी काय करत होतात?" शेजारी आई बसलेल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "काय न्हाई. बसलो व्हतो निवांत."

बसलो होतो! कानामागे गुलाल तसाच होता, आप्पा!

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बसल्या जागी ठोके इतके पळत असतील तर प्रकरण गंभीर आहे, म्हणाले. जड औषध सुरू करावं लागेल, पुन्हा आत नळी घालून तपासावं लागेल. आई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तुम्ही खाली मान घातलेली. मग मीच म्हणाले, "डॉक्टर, आप्पा ढोल वाजवत होते. आणि सकाळची गोळी घेतलेली नव्हती." आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू घरात चोरी मीच केली. तुम्हीही दुखावल्यासारखं बघितलंत. मला सांगा, काय करायला हवं होतं मी? यंत्र सांगतं एक, माणूस सांगतो दुसरं, मग त्या बिचाऱ्या डॉक्टरनं रोग ओळखायचा कसा?

ते मात्र खुर्चीत मागे टेकून हसले. मग दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. एक तुम्ही वांग्यांवर पडलात तेव्हाची, दवाखान्यात काढलेली. दुसरी जत्रेची. म्हणाले, "ताम्हिणीचा घाट बघितलाय ना? गाडी घाट चढते तशी ही जत्रेची पट्टी. ठोका थोडा जवळ, मग आणखी जवळ, मग आणखी. मेहनतीचे ठोके असेच वाढतात. ठोक्याचा आकारही तुमच्या रोजच्यासारखाच आहे. आणि ही जुनी बघा. नीट चाललंय, चाललंय, आणि एका ठोक्यात कड्यावरून खाली. आकारही वेगळाच. हा आजार. यंत्र आत्तापर्यंत फक्त वेग मोजत होतं. आता त्याला चढ आणि कडा यातला फरक करायला लावतो."

दुसरं काहीच करावं लागलं नाही. त्या चकतीवरूनच त्यांनी राखणदाराला घरचं माणूस ओळखायला शिकवलं. तरी बजावलं, शंभर टक्के खात्री कुठल्याच यंत्राची नसते, गोळी चुकवायची नाही, दम लागला की थांबायचं. पण बेतानं वाजवायला हरकत नाही, असंही म्हणाले. आईंना हे शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. किंवा ऐकायचं नव्हतं.

आणि तुम्हालाही ऐकायचं नव्हतं. तुम्ही भ्यालात. हे मला फार उशिरा कळलं. आतून बसलेला तो धक्का तुमच्या अंगानं लक्षात ठेवला होता. गोठ्याकडे जाताना मधेच थांबायचात, छातीवर हात ठेवून वाट बघायचात. आमच्या लेकीला उचलून घेणं सोडलंत. पुढची जत्रा आली तर ढोलाचा आवाज येऊ नये म्हणून पार खालच्या खाचरात जाऊन बसलात. आई खूश, माणूस घरात शांत बसतोय म्हणून. मला मात्र वाटायचं, डबीनं जीव वाचवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून माणूस ओसरीवर ठेवून दिला.

म्हणून मी तो बिस्किटांचा रिकामा डबा आणला. रविवारी, परड्यात, आई दळणाला गेल्या की. एका हातानं तुम्ही डब्यावर बोटांनी ठेका धरायचात, दुसऱ्या मनगटावर माझी बोटं. कपाळावर घाम, डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले, एखादं पोर निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघतं तसे. "पोरी, चढ हाय का कडा?"

"चढ, आप्पा. नुसता चढ."

"बघ हां. खोटं न्हाई सांगायचं."

"तुमच्यासारखं?"

मग हसायचात. हळूहळू डब्यावरून पत्र्याच्या पिंपावर आलात, पिंपावरून ढोलावर. माळ्यावरून तो तुम्हीच उतरवलात, एका सकाळी, आईंच्या देखत. त्या भाकरी थापत राहिल्या, पण थापण्याचा आवाज फार मोठा होता.

शेवटच्या जत्रेत तुम्ही पालखीपुढे एक फेरी वाजवलीत. एकच, ठरल्याप्रमाणे. गोळी मी माझ्या हातानं दिली होती आणि देवाची माफीही माझ्याच नावावर मागितली होती. मधेच तुम्ही मान वळवून भुवया उडवल्यात, मी लांबून हात उंच केला. चढ! फेरी संपली, ढोल दुसऱ्याच्या गळ्यात दिलात, घरी आलात, दोन पुरणपोळ्या खाल्ल्यात आणि आंब्याखाली बाजेवर आडवे झालात. आईंना म्हणालात, "आज लई बरं वाटतंय बघ." चहाला उठवायला त्या गेल्या तेव्हा तुम्ही नव्हतात.

आप्पा, मला एकदा नीट रडूही दिलं नाहीत तुम्ही. तिरडीची तयारी चालली होती आणि मी म्हणत होते, आधी दवाखान्यात न्या, डबी काढल्याशिवाय अग्नी देता येत नाही, सरणावर फुटते ती. भावकीतली माणसं अंगावर आली. "मेलेला मानूस चिरायचा?" संतोष पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "ती सांगते तसं करा." एवढंच बोलला, पण बोलला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी डबी बंद केली, आतली नोंद उतरवून घेतली, मग ती काढली. मला म्हणाले, "शेवटी काय झालं ते यात आहे. मन तयार होईल तेव्हा या."

माझं मन तयार झालंच नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, त्याचाच पगार घेते. पण ती नोंद बघायला माझे पाय वळले नाहीत. कारण दहाव्याला, नदीवर, सगळ्या बायकांसमोर आई म्हणाल्या होत्या, "ढोलानं खाल्लं माझ्या मानसाला. आन् हिनं वाजवू दिला." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. बोलायचंच झालं तर हवेशी. "दूध उतू चाललंय म्हनावं." ढोलानंच खाल्लं हे खरं निघालं तर? हात उंच करून चढ म्हणणारी मीच होते ना?

परवा गावकी आली होती. औंदा ढोल कमी पडतायत, आप्पांचा द्या. आई म्हणाल्या, "उद्या सांगते." आणि काल सकाळी ते लुगडं.

डॉक्टरांनी आईंना पडद्यासमोर खुर्ची दिली. आधी सकाळची नोंद लावली. वेग जास्त झाल्यानं डबीनं ती टिपून ठेवली होती, पण धक्का दिला नव्हता. "बघा आजी, ठोके हळूहळू जवळ येत गेले. मग थोडा वेळ तसेच. आणि हे बघा, हळूहळू लांब होत खाली आले." आईंना अक्षर येत नाही, पण रेघांना अक्षर कशाला लागतं? त्यांनी बोट पुढं केलं आणि काचेवर त्या चढावरून फिरवलं, खालपासून वरपर्यंत.

"ह्यो ढोल?"

"हो. ढोल."

मग दुपारची नोंद. एकसारख्या ठोक्यांची रेघ, संथ, झोपलेल्या माणसाची. आणि मग कडा. डबीनं धक्का दिला, पुन्हा दिला, होते नव्हते तेवढे सगळे दिले. हृदयानं ऐकलं नाही.

आईंनी विचारलं, "दुखलं का त्यांना?"

"नाही आजी. भान आधीच गेलेलं असतं."

मग मीच धीर केला. विचारलं, "डॉक्टर, ढोलामुळे?" ते म्हणाले, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलणार नाही. हृदय मुळात थकलेलं होतं. हे कधीही, कुठंही झालं असतं. ढोलाचा काहीच संबंध नाही, असं शपथेवर मी सांगू शकत नाही. पण ढोल थांबल्यावर ठोके नीट खाली आले, आणि नंतर दुपारपर्यंत यंत्राला टिपण्यासारखं काही सापडलं नाही. एवढं इथं दिसतंय, आणि एवढंच मी सांगू शकतो."

तुम्हाला सांगते आप्पा, मला एकदम हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट तुम्ही पुन्हा एकदा, माझ्या डोळ्यांसमोर गेलात. त्या संथ रेघेवर माझी नजर अडकून राहिली. कशाचं स्वप्न बघत होतात हो तेव्हा?

परत येताना आई खिडकीशी बसल्या, मी शेजारी. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, त्या बाहेर बघत होत्या. भुकूम सोडून बस पिरंगुटच्या घाटाला लागली. ड्रायव्हरनं गिअर टाकला, इंजिन घरघरायला लागलं, आणि आई तशाच बाहेर बघत म्हणाल्या, "लई वाजिवला त्या दिशी. मागच्या दाराला उभी राहून ऐकला मी सगळा."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

मग त्यांनी मांडीवरचा हात उचलला, बांगड्या नसलेलं ते मनगट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "माझं बी काळीज पळतंय सकाळधरनं. बघ जरा. चढ हाय का कडा?"

आप्पा! त्यांना माहीत होतं! दळणाला जाते सांगून त्या परड्याच्या भिंतीआड उभ्या असायच्या, दर रविवारी! आपण दोघं काय स्वतःला शहाणे समजत होतो!

मी बोटं ठेवली. बस हलत होती, माझे डोळे भरलेले, मोजायला फार वेळ लागला. त्या थांबल्या. "चढ, आई," मी म्हणाले. "नुसता चढ."

"मंग बरंय," म्हणाल्या, आणि हात तसाच माझ्या हातात राहू दिला, पार पिरंगुटच्या स्टँडपर्यंत.

आज सकाळी त्यांनी संतोषला ढोल पुसायला बसवलंय. दोऱ्या ओढून घ्यायच्या आहेत. गावकीला निरोप गेला, ढोल मिळणार नाही, ढोल संतोषच्या गळ्यात येणार. त्याला ठेका येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आता अख्ख्या गावाला कळेल. हसू नका तिथं बसून.

आणि मी तुम्हाला शब्द देते. शनिवारी आईंना तुमच्या डॉक्टरांकडे तपासायला नेणार आहे. काळीज का पळतंय ते नीट बघून घेऊ, अंदाजावर सोडणार नाही. तिथं त्या "काय न्हाई, बसले व्हते" म्हणाल्या तर खरं काय ते मी सांगेन, मग त्या कितीही रुसोत. आणि त्यांनी मनगट पुढं केलं की मी हातातलं काम टाकून बोटं ठेवेन. चढ असेल तर चढ म्हणेन. कडा असेल, तर तेही त्यांच्यापासून लपवणार नाही, आणि हात सोडणार नाही. तुमचा हात त्या दुपारी कुणाच्याच हातात नव्हता, आप्पा.

तुमची भाडं चुकवलेली सून,
मनीषा